कोबाल्टची ऑक्साइडे: वीज आणि चुंबकत्वाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक भट्टीपाशी उभे राहून विचारलेले आहेत. कोणाची पेलेट, म्हणजे भुकटी दाबून भाजलेली वडी, तडकलेली असते, कोणाचा आलेख पुस्तकातल्या आलेखाशी जुळत नाही, कोणाला नुसतेच कुतूहल असते. कोबाल्टवर काम करताना दोन गोष्टी सतत मनात ठेवाव्या लागतात: पदार्थात ऑक्सिजन नेमका किती आहे, आणि कोबाल्टचे इलेक्ट्रॉन कोणत्या मांडणीत बसले आहेत. खालची बरीच उत्तरे फिरून याच दोन गोष्टींपाशी येतात.

कोबाल्ट धातू लोहचुंबकाला कडकडून चिकटतो. मग त्याचे ऑक्साइड का चिकटत नाही?

धातूमध्ये शेजारच्या अणूंची चुंबकीय आघूर्णे, म्हणजे जणू प्रत्येक अणूची छोटी चुंबकसुई, एकाच दिशेला तोंड करून उभी राहतात, आणि ही शिस्त तब्बल १११५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. ऑक्साइडमध्ये दोन कोबाल्टच्या मध्ये ऑक्सिजन येतो. आता कोबाल्टचा कोबाल्टशी संवाद या ऑक्सिजनमार्फत होतो, आणि कोबाल्ट–ऑक्सिजन–कोबाल्ट सरळ रेषेत असले की समोरासमोरच्या कोबाल्टची आघूर्णे उलट दिशांना लागतात. एक वर, एक खाली. बेरीज शून्य. यालाच आपण अँटिफेरोमॅग्नेटिक म्हणतो.

कोबाल्ट मोनॉक्साइडमध्ये, म्हणजे एकास एक प्रमाणाच्या ऑक्साइडमध्ये, ही रचना सुमारे २९१ केल्व्हिनला मोडते. म्हणजे १८ अंश सेल्सिअस. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे टेबलावरच्या बाटलीतली भुकटी चुंबकीयदृष्ट्या शिस्तीत असते आणि दुपार होईतो ती शिस्त विस्कटते. मला हा आकडा फार आवडतो. अशी संक्रमणे बहुधा द्रव नायट्रोजनच्या थंडीत किंवा भट्टीच्या धगीत घडतात, हे मात्र आपल्या खोलीतच घडते.

तुमची काळी किंवा हिरवट भुकटी साध्या चुंबकाकडे उडी मारत असेल तर आनंदी होऊ नका. तिच्यात कुठेतरी लोखंड किंवा न ऑक्सिडलेला कोबाल्ट शिरला आहे. आधी खल, चमचा आणि मिलचे गोळे तपासा.

साध्या पट्ट-सिद्धांताप्रमाणे कोबाल्ट मोनॉक्साइड धातूसारखे वाहक हवे. ते विद्युतरोधक का?

प्रश्न जुना आणि मोठा आहे. +२ अवस्थेतल्या कोबाल्टकडे डी-कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात आणि जागा दहा. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा पट्टा अर्धवट भरलेला, म्हणजे वीज वाहायलाच हवी. १९३७ मध्ये डी बोअर आणि व्हेरवे यांनी दाखवून दिले की निकेल आणि कोबाल्टच्या ऑक्साइडांना हा हिशेब लागू पडत नाही. पुढे मॉट यांनी त्याचा अर्थ लावला. एका कोबाल्टवरून इलेक्ट्रॉन उचलून शेजाऱ्यावर ठेवायचा, तर तिथे आधीच बसलेल्या इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण सोसावे लागते. ही किंमत एवढी मोठी असते की कोणी जागचे हलत नाही. सुटा एकेक इलेक्ट्रॉन बघून हे कळत नाही, सगळ्यांचा एकत्र विचार करावा लागतो.

शुद्ध, अचूक प्रमाणाच्या स्फटिकाबद्दल हे झाले. तुमच्या भट्टीतून येणाऱ्या मोनॉक्साइडमध्ये मात्र काही कोबाल्टच्या जागा रिकाम्या असतात. एका रिकाम्या जागेमागे भाराचा तोल साधायला दोन शेजारी कोबाल्ट +३ व्हावे लागतात, आणि ही +३ अवस्था एका अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत वीज नेते. म्हणून ते पी-प्रकारचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या उणिवांवर वीज वाहणारे, अर्धवाहक म्हणून मोजले जाते. थोडे लिथियम मुद्दाम मिसळले की असे +३ कोबाल्ट वाढतात आणि रोधकता झपाट्याने उतरते.

बाटलीवर नुसते ‘कोबाल्ट ऑक्साइड’ लिहिले आहे. आत नेमके काय आहे?

रंगावरून अंदाज येतो. मोनॉक्साइड हिरवट-करडे असते, टेट्रॉक्साइड, म्हणजे तीन कोबाल्टला चार ऑक्सिजनवाले, काळे असते. पण अंदाजावर वजन करू नका. हवेत साधारण ९०० अंशांच्या वर टेट्रॉक्साइड ऑक्सिजन सोडून मोनॉक्साइड बनते आणि त्याचे वजन सुमारे ६.६ टक्क्यांनी घटते. उलट, मोनॉक्साइड सावकाश थंड केले तर वाटेत ते पुन्हा ऑक्सिजन घेते. सुरुवातीचे वजन चुकीच्या सूत्रावर धरले की पुढचा सगळा प्रमाणांचा हिशेब बिघडतो, आणि मग महिनाभर एक्सआरडीमधल्या, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखातल्या, जास्तीच्या शिखरांचा शोध चालतो. बाटली उघडल्यावर आधी एक एक्सआरडी काढा.

टेट्रॉक्साइडमधले सगळे कोबाल्ट चुंबकीय असतात का?

नाही. ते स्पिनेल आहे, म्हणजे त्यात धातूच्या अणूंसाठी दोन प्रकारच्या जागा असतात. चार ऑक्सिजनच्या चतुष्फलकात +२ कोबाल्ट बसतो, तीन एकांडे, म्हणजे जोडीदार नसलेले, इलेक्ट्रॉन घेऊन. सहा ऑक्सिजनच्या अष्टफलकात +३ कोबाल्ट बसतो, आणि त्याचे आघूर्ण शून्य असते. दोनतृतीयांश कोबाल्ट गप्प असल्यामुळे उरलेल्यांचा परस्परसंवाद दुबळा राहतो, आणि अँटिफेरोमॅग्नेटिक रचना तयार व्हायला ३० ते ४० केल्व्हिनपर्यंत खाली उतरावे लागते. तो +३ कोबाल्ट गप्प का, हाच पुढचा प्रश्न.

‘स्पिन अवस्था’ ही काय भानगड आहे?

कोबाल्टची ऑक्साइडे इतरांहून वेगळी का, याचे उत्तर इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

एक जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर तीन खोल्या, माडीवर दोन. अष्टफलकात अडकलेल्या कोबाल्टच्या पाच डी-कक्षा अशाच दोन मजल्यांत विभागतात. +३ कोबाल्टकडे राहणारे सहा इलेक्ट्रॉन आहेत आणि एका खोलीत फार तर दोघे मावतात, तेही विरुद्ध स्पिनचे (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्वतःचा चुंबकपणा, वर किंवा खाली). आता दोन ओढी आहेत. माडी चढायला ऊर्जा लागते, म्हणून सगळ्यांनी खालीच राहावे. पण एका खोलीत दोघांनी राहायलाही ऊर्जा लागते, म्हणून शक्यतो पसरून राहावे.

सगळे खाली राहिले तर तीन जोड्या, एकांडा कोणीच नाही, चुंबकत्व शून्य. ही निम्न-स्पिन अवस्था. पसरले तर एक जोडी आणि चार एकांडे, ही उच्च-स्पिन. पाच खाली आणि एक वर असेल तर दोन एकांडे, ही मधली.

बहुतेक धातूंच्या ऑक्साइडांत यांपैकी एक ओढ दुसरीवर सहज मात करते आणि प्रश्न मिटतो. +३ कोबाल्टमध्ये दोन्ही जवळजवळ बरोबरीच्या असतात. त्यामुळे थोडे तापमान, थोडा दाब, शेजारी बसवलेला थोडा मोठा किंवा लहान आयन, एवढ्याने पारडे फिरते. आकारही बदलतो: निम्न-स्पिन +३ कोबाल्टची त्रिज्या सुमारे ०.५४५ अँगस्ट्रॉम, उच्च-स्पिनची ०.६१. इलेक्ट्रॉनांनी खोल्या बदलल्या की अणू फुगतो आणि सिरॅमिकचा तुकडाही फुगतो.

लँथॅनम कोबाल्टाइटवर इतकी वर्षे वाद का चालू आहे?

कारण त्यात ही तुल्यबळ ओढ अगदी उघड दिसते. हा लँथॅनम, कोबाल्ट आणि ऑक्सिजनचा पेरोव्स्काइट आहे, म्हणजे कोबाल्टची अष्टफलके कोपऱ्यांना जोडलेली रचना, किंचित तिरकी झालेली. अगदी थंडीत तो चुंबकीयदृष्ट्या शांत असतो, सगळे कोबाल्ट निम्न-स्पिनमध्ये. तापवत गेले की साधारण ३० केल्व्हिनपासून चुंबकीय ग्रहणक्षमता वाढू लागते आणि १०० केल्व्हिनच्या आसपास तिचे शिखर येते. तापमानाबरोबर चुंबकीय प्रतिसाद वाढणे हे सामान्य पॅरामॅग्नेटच्या, म्हणजे बाहेरच्या क्षेत्रापुरतेच चुंबकत्व दाखवणाऱ्या पदार्थाच्या, अगदी उलट. थंडीत जोडीने बसलेले इलेक्ट्रॉन माडी चढू लागतात, त्याची ही खूण. पुढे ५०० केल्व्हिनच्या आसपास दुसरा बदल होतो. रोधकता कोसळते, आणि त्याच्या वर पदार्थ मिलीओहम-सेंटिमीटरच्या घरातला, जवळजवळ धातूसारखा वाहक होतो.

१९५० च्या दशकात नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत योंकर आणि व्हॅन सँटेन यांनी या कुटुंबाचा अभ्यास सुरू केला. मग गुडइनफ यांनी निम्न आणि उच्च स्पिनच्या मिश्रणाचे चित्र मांडले. १९९६ मध्ये कोरोटिन आणि सहकाऱ्यांच्या गणिताने मधल्या स्पिन अवस्थेचा पक्ष भक्कम केला, आणि तेव्हापासून १०० केल्व्हिनला माडी चढणारे नक्की कोणत्या अवस्थेत जातात यावर दोन तट आहेत. दोन्ही बाजूंकडे चांगले प्रयोग आहेत. माझा कल उच्च आणि निम्न स्पिनच्या मिश्रणाकडे आहे, पण तो कल आहे, निकाल नव्हे.

या कथेत भारताचा वाटा ठळक आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही याचे मला वाईट वाटते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले डॉ. व्ही. जी. भिडे, जे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये असलेले डॉ. सी. एन. आर. राव यांनी सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये लँथॅनम कोबाल्टाइटचा मोसबाउअर अभ्यास प्रसिद्ध केला. युक्ती सुंदर होती. पदार्थात किरणोत्सारी कोबाल्ट-५७ बसवायचा, त्याचे लोह-५७ मध्ये रूपांतर होताना बाहेर पडणारा गॅमा किरण टिपायचा, आणि त्यावरून कोबाल्टच्या जागेवरची परिस्थिती वाचायची. स्पिन अवस्थांचा समतोल आणि वरच्या तापमानाला इलेक्ट्रॉनांचे सामूहिक होणे, दोन्ही त्यांनी या मार्गाने तपासले. मोसबाउअरचा उल्लेख निघाला की मी विद्यार्थ्यांना आधी हाच निबंध वाचायला देतो.

त्यात स्ट्रॉन्शियम घातले की काय होते?

लँथॅनमचा भार +३, स्ट्रॉन्शियमचा +२. जितके स्ट्रॉन्शियम, तितके कोबाल्ट +३ वरून +४ कडे ढकलले जातात, आणि वीज वाहायला पोकळ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, मिळतात. सुमारे १८ टक्क्यांपर्यंत पदार्थ अर्धवाहक राहतो आणि थंडीत त्याची आघूर्णे वाटेल त्या दिशेला गोठतात, काचेतल्या अणूंसारखी. त्यापुढे तो धातूसारखा वाहक आणि फेरोमॅग्नेटिक, म्हणजे सगळी आघूर्णे एका दिशेला असलेला, होतो. दोन्ही एकदमच, कारण शेजारच्या कोबाल्टचे स्पिन एका दिशेला असले तरच इलेक्ट्रॉनला उडी सोपी जाते. झेनर यांनी १९५१ मध्ये मँगेनीजच्या ऑक्साइडांसाठी मांडलेली दुहेरी देवाणघेवाणीची कल्पना ती हीच. ५० टक्के स्ट्रॉन्शियमला क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर ही चुंबकीय शिस्त मोडते ते, साधारण २५० केल्व्हिन मिळते.

मधल्या प्रमाणांत पदार्थ एकजिनसी नसतो. फेरोमॅग्नेटिक वाहक बेटे आणि भोवती रोधक समुद्र असे चित्र असते. बेटे वाढून एकमेकांना टेकली की वीज आरपार जाऊ लागते.

आम्ही त्याच कृतीने नमुना केला, तरी क्युरी तापमान आणि रोधकता वेगळी का आली?

सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा ऑक्सिजन.

तापलेले कोबाल्टाइट ऑक्सिजन सोडते, आणि प्रत्येक सुटलेला ऑक्सिजन दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो. स्ट्रॉन्शियमने मोठ्या कष्टाने तयार केलेल्या दोन पोकळ्या त्याने बुजतात. कागदावर तुमचा नमुना ५० टक्क्यांचा असतो, पण इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने तो ३० चा झालेला असू शकतो. टोकाचे उदाहरण निव्वळ स्ट्रॉन्शियम कोबाल्ट ऑक्साइडचे. सूत्रात ऑक्सिजन पूर्ण ३ असेल तर ते फेरोमॅग्नेटिक धातू असते. २.५ असेल तर अँटिफेरोमॅग्नेटिक रोधक, आणि त्याची रचना ५७० केल्व्हिनच्या आसपासपर्यंत टिकते. धातूंचे अणू तेच, प्रमाण तेच, फक्त सहातला एक ऑक्सिजन गेला.

एकदा मी घाईत होतो. सकाळी दुसऱ्याला भट्टी हवी होती, म्हणून पेलेट्स बऱ्याच तापमानाला असताना बाहेर काढल्या. एक्सआरडी स्वच्छ आले, एकही जास्तीचे शिखर नाही. मग चुंबकन मोजले तर संक्रमण पसरट, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी खाली. तीन आठवडे मी रसायनांच्या शुद्धतेवर संशय घेत होतो. शेवटी त्याच पेलेट्स ऑक्सिजनच्या प्रवाहात परत तापवून मिनिटाला एक अंश या वेगाने थंड केल्या, आणि संक्रमण जागेवर आले. तेव्हापासून माझ्या वहीत शिजवण्याच्या तापमानाइतकीच ठळक नोंद थंड करण्याच्या वेगाची असते.

ऑक्सिजन मोजायला आयोडोमेट्रिक टायट्रेशन स्वस्त आणि विश्वासार्ह आहे. ते बीएस्सीला शिकवलेले असते, फक्त काळजीने करावे लागते. हायड्रोजनमिश्रित वायूत वजनातली घट मोजण्याची सोय असेल तर उत्तमच.

रोधकता मोजताना आकडे सारखे हलतात. काय चुकते?

चांगल्या वाहक कोबाल्टाइटची रोधकता इतकी कमी असते की दोन तारांनी मोजले तर तुम्ही पेलेट मोजत नाही, तारा आणि सिल्व्हर पेस्टचे सांधे मोजता. चार तारा लावा: बाहेरच्या दोन प्रवाहासाठी, आतल्या दोन व्होल्टतेसाठी. प्रवाहाची दिशा उलटवून सरासरी घ्या, म्हणजे सांध्यांवरची औष्णिक व्होल्टता वजा होते. पेलेटची घनता कळवल्याशिवाय रोधकता कळवू नका. सच्छिद्र पेलेटमध्ये प्रवाहाला वळसे घालावे लागतात, आणि आकडा उगाच फुगतो.

कोबाल्ट फेराइट मात्र चुंबकाला चिकटते. ते याच कुटुंबातले का?

हो, पण स्वभाव निराळा. कोबाल्ट आणि लोहाचे हे ऑक्साइड उलटे स्पिनेल आहे. +३ लोह दोन्ही प्रकारच्या जागांवर निम्मे निम्मे वाटले जाते आणि त्याची आघूर्णे एकमेकांना कापतात, अष्टफलकातल्या +२ कोबाल्टचे आघूर्ण उरते. असे अपुऱ्या वजाबाकीतून उरलेले चुंबकत्व म्हणजे फेरीमॅग्नेटिझम. नेएल यांनी १९४८ मध्ये त्याचा सिद्धांत मांडला. क्युरी तापमान सुमारे ५२० अंश सेल्सिअस, संपृक्त चुंबकन ग्रॅमला ८० ईएमयूच्या (ईएमयू हे चुंबकत्व मोजण्याचे एकक) आसपास.

वजाबाकीच्या हिशेबाने ७१ ईएमयू यायला हवे. वरचे येते कुठून? दोन कारणे. थोडा कोबाल्ट चतुष्फलकात जातो, आणि +२ कोबाल्टमध्ये स्पिनबरोबर इलेक्ट्रॉनच्या कक्षीय गतीचेही आघूर्ण जिवंत राहते. ही कक्षीय गती जालकाला घट्ट बांधलेली असल्याने चुंबकनाची दिशा सहजी वळत नाही. म्हणून निकेल किंवा मँगेनीजची फेराइटे मऊ आणि कोबाल्टचे कठीण चुंबक. त्याच कारणाने चुंबकीय क्षेत्रात त्याची लांबीही लक्षणीय बदलते. साध्या सिरॅमिकमध्ये हा बदल दशलक्षात शंभर ते दोनशे भागांच्या घरात असतो, आणि ताण मोजणाऱ्या संवेदकांसाठी तो उपयोगाचा ठरतो. जपानच्या काटो आणि ताकेई यांनी टोकियोत १९३० मध्ये कोबाल्टयुक्त फेराइटचा चुंबक तयार केला, आणि फेराइटच्याच उत्पादनासाठी १९३५ मध्ये टीडीके कंपनी उभी राहिली.

आपल्याकडे फेराइट म्हटले की कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आठवते, तिथे या पदार्थांवर कित्येक वर्षे काम होत आले आहे. महाराष्ट्रात फेराइटवर प्रबंध लिहिणाऱ्यांना घराजवळ विचारायला माणसे आहेत, हे मोठे भाग्य आहे.

उष्णतेपासून वीज करणारे कोबाल्ट ऑक्साइड कोणते?

सोडियम कोबाल्टेट. १९९७ मध्ये तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्याचा सीबेक गुणांक, म्हणजे तापमानातल्या फरकामुळे मिळणारी व्होल्टता, खोलीच्या तापमानाला केल्व्हिनमागे सुमारे १०० मायक्रोव्होल्ट आहे, आणि रोधकता मात्र धातूसारखी, ०.२ मिलीओहम-सेंटिमीटर. इतका सीबेक असलेल्या पदार्थाने इतके चांगले वाहक असू नये, अशी समजूत होती. उत्तर पुन्हा स्पिनमध्ये सापडले. +४ कोबाल्टची पोकळी सरकते तेव्हा ती भाराबरोबर स्पिनची एन्ट्रॉपीही वाहून नेते. जोरदार चुंबकीय क्षेत्रात थंड नमुन्याचा सीबेक गुणांक जवळजवळ नाहीसा होतो, हे २००३ मध्ये दिसले, आणि शंका फारशी उरली नाही. त्याच वर्षी याच पदार्थाच्या थरांमध्ये पाणी शिरवल्यावर तो सुमारे ५ केल्व्हिनखाली अतिवाहक होतो, हेही जपानमध्ये सापडले.

हातात धरायला मात्र तो त्रासदायक. सोडियम भट्टीत उडून जाते आणि नमुना हवेतली ओल धरतो. उपकरण करायचे असेल तर कॅल्शियम कोबाल्टेट अधिक टिकाऊ.

आपल्या घरात यातले काय असते?

मोबाइलच्या बॅटरीत बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड: गुडइनफ, मिझुशिमा आणि सहकाऱ्यांचे १९८० चे काम, १९९१ पासून बाजारात. बॅटरी चार्ज होताना लिथियम बाहेर पडते आणि हा रोधक पदार्थ चक्क धातूसारखा वाहक होतो. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाशी असतो तो एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापला की रोध कमी होणारा घटक, मँगेनीज, निकेल आणि पुष्कळदा कोबाल्ट यांच्या स्पिनेलचा. २५ अंशांना १० किलोओहम असलेला नेहमीचा थर्मिस्टर उकळत्या पाण्यात ७०० ओहमच्या आसपास येतो.

एमएस्सीच्या प्रकल्पाला एकच पदार्थ घ्यायचा तर कोणता?

लँथॅनम कोबाल्टाइट. त्याचे वरचे संक्रमण ५०० केल्व्हिन, म्हणजे सुमारे २३० अंश सेल्सिअसला आहे, त्यासाठी हेलियम लागत नाही. साधी नळी-भट्टी, चार तारा, एक थर्मोकपल आणि धीर पुरतो. तापवताना आणि थंड करताना दोन्ही वेळा नोंदी घ्या.

एक काळजी. लँथॅनम ऑक्साइड हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड आधाशासारखे ओढते, पावसाळ्यात तर फारच. वजन करण्यापूर्वी ते ९०० ते १००० अंशांना काही तास तापवा आणि गरम असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवा. कोबाल्टची भुकटी श्वासावाटे जाणे घातक असते, म्हणून खलताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि टेबल कोरड्या फडक्याने झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा.